अस्त्र आवरण्याची विद्या

चैत्री पौर्णिमेच्या पहाटे गावोगावच्या देवळांतून मारुतिजन्माचे कीर्तन होते, सूर्योदयाच्या क्षणी पाळणा हलतो, सुंठवडा हातावर पडतो. आणि त्याच दिवसांत शाळांच्या परीक्षांचा भार उतरू लागून उन्हाळी सुट्टीची चाहूल लागते. बलभीमाचा उत्सव आणि मुलांची सुट्टी असा हा दुहेरी योग असल्यामुळे घरोघरी एक विचार हटकून निघतो : यंदा मुलाला कोठेतरी तालमीत घालावे. माथेरानच्या डोंगराखाली, गाढी नदीच्या खोऱ्यात वसलेल्या नेरे गावीही हा विचार आता नित्याचा झाला आहे. पनवेल शहर सरकत सरकत या भातखाचरांपर्यंत आले, आणि नव्या इमारतींबरोबर कराटे, तायक्वांदो, मल्लखांब, लाठीकाठी, शिवकालीन युद्धकला अशा वर्गांच्या पाट्याही या परिसरात दिसू लागल्या. पाटी वाचून पालक आत जातात, शुल्क भरतात आणि निश्चिंत होतात. ही निश्चिंतता योग्य आहे काय, याचा विचार आजच्या पवित्र दिवशी करावा असे वाटते.

बलोपासना आपल्या घरांना नवी नाही. समर्थ रामदासस्वामींनी सतराव्या शतकात चाफळ, मसूर, शहापूर, उंब्रज, शिराळे अशा ठिकाणी अकरा मारुती स्थापन केले, आणि मारुतीचे देऊळ तेथे तालीम ही जोडी महाराष्ट्राच्या अंगवळणी पडली. तेव्हा मुलाने व्यायाम करावा की नाही, लढण्याची विद्या शिकावी की नाही, हा प्रश्नच नव्हे. प्रश्न आहे तो कोणाच्या हाताखाली शिकावी हा. येथेच भाविक घराची एक नाजूक बाजू उघडी पडते. भिंतीवर मारुतीची तसबीर दिसली, उदबत्तीचा वास आला, शिकविणाऱ्याने कपाळी गंध लाविलेले असले, की आपण पुढे काही विचारीत नाही. आमचे स्पष्ट मत असे की, श्रद्धा मारुतिरायावर ठेवावी; वस्तादाची मात्र पारख करावी.

पारख कशावर करावी, हे महाभारतातील एका आख्यानावरून उत्तम कळते. द्रोणाचार्यांनी ब्रह्मशिर नावाचे महाभयंकर अस्त्र आपल्या आवडत्या शिष्याला, अर्जुनाला दिले. ते पाहून अश्वत्थाम्याने पित्याकडे हट्ट धरिला. मुलाचा स्वभाव पित्यास ठाऊक होता. तरी हट्टापुढे मान तुकवून, मनुष्यावर हे कधीही सोडू नकोस अशी ताकीद देऊन, त्यांनी ते त्याच्याही हाती दिले. पुढे सौप्तिक पर्वात प्रसंग आला. अश्वत्थाम्याने गवताच्या काडीवर ते अस्त्र मंत्रून सोडले. अर्जुनानेही प्रतिकारार्थ सोडले. दोन तेजांच्या मध्ये व्यास आणि नारद येऊन उभे राहिले व दोघांसही अस्त्रे आवरा म्हणाले. अर्जुनाने आपले अस्त्र परत घेतले. अश्वत्थाम्यास ते परत घेता येईना, आणि अखेर ते उत्तरेच्या गर्भावर जाऊन पडले.

गुरू एक, अस्त्र एक, परिणाम मात्र दोन. भेद होता तो आवरण्याच्या सामर्थ्याचा. प्रहार कोणीही शिकवील. उगारलेला हात मध्येच थांबविण्यास शिकवील तोच गुरू. आणि पुत्रप्रेमाने आंधळे होऊन, त्याची पात्रता न पाहता, केवळ हट्टाखातर हाती शस्त्र देणारा पिता केवढाही थोर आचार्य असला तरी चुकतोच, हाही या आख्यानाचा बोध आहे. ज्याचा जन्मोत्सव आपण आज करितो त्या हनुमंताची कथाही हेच सांगते. वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात बाळ मारुती बळाच्या भरात ऋषींच्या आश्रमांत धुडगूस घालतो, यज्ञाची भांडी मोडतो. तेव्हा ऋषी त्याला शाप देतात की, कोणी आठवण करून देईपर्यंत तुला तुझे बळ आठवणार नाही. पुढे तोच सूर्यापाशी व्याकरण शिकला आणि समुद्र उल्लंघून गेला. विनयाची जोड मिळेपर्यंत बळ झाकलेले बरे, असेच जणू ऋषींनी ठरविले.

गुरूची परीक्षा पाहणे म्हणजे अश्रद्धा, असे काही मंडळी मानतात. शास्त्र तसे मानीत नाही. मुंडकोपनिषदाने गुरू कसा असावा याची लक्षणे सांगितली आहेत. लक्षणे सांगितली ती पारखून घेण्यासाठीच. प्रश्नोपनिषदात पिप्पलाद ऋषी आलेल्या सहा जिज्ञासूंना आधी एक वर्ष राहा, मग विचारा, असे सांगतात. घाईने कोणी कोणाचा गुरू होत नाही आणि शिष्यही होत नाही. तैत्तिरीयोपनिषदात तर आचार्य स्वतःच निरोप घेणाऱ्या शिष्याला सांगतात की, आमच्या चांगल्या आचरणाचेच अनुकरण कर, इतर आचरणाचे करू नकोस. ज्या परंपरेत गुरूच आपल्या दोषांविषयी शिष्याला सावध करितो, त्या परंपरेच्या नावावर कोणी वस्ताद ‘मला प्रश्न विचारू नका’ म्हणू लागला तर त्याला परंपरा कळलीच नाही असे समजावे.

मारण्याविषयीही हेच. मार खाल्ल्याशिवाय पठ्ठा तयार होत नाही, ही समजूत अजून तालमीतून आणि वर्गांतून ऐकू येते. गौतमधर्मसूत्राचा मूळ नियम असा की, शिष्याला शिस्त लावावी ती न मारता. ते अगदीच अशक्य झाले तर बारीक दोरी किंवा वेळूची कामटी एवढीच मुभा आहे. त्याहून वेगळ्या रीतीने मारणाऱ्या गुरूला राजाने दंड करावा, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. आज तर कायद्याने तेवढीही मुभा उरलेली नाही. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करणे निषिद्ध ठरविले आहे. शाळेत जे निषिद्ध, ते हौद्यात किंवा सभागृहात क्षम्य कसे व्हावे? कुस्तीत पडणे, खरचटणे हे विद्येचे अंग आहे. संतापलेल्या गुरूची चपराक हे विद्येचे अंग नव्हे.

वस्तादाची जात किंवा पंथ पाहून मूल पाठविण्याची वा न पाठविण्याची रीत काही घरांतून अद्याप आढळते. त्यांच्यासाठी पनवेल तालुक्यातलेच उदाहरण पुरे आहे. शिरढोणला १८४५ साली जन्मलेले वासुदेव बळवंत फडके पुण्यात नोकरीस असताना युद्धविद्या शिकले ती लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत. महात्मा जोतीराव फुले हेही लहुजींचे शिष्य. लहुजी मातंग समाजातले. चित्पावन ब्राह्मण घरातला तरुण त्यांच्या पायाशी बसला, कारण विद्या तेथे होती. बडोद्याचे जुम्मादादा मुसलमान, आणि त्यांचे पट्टशिष्य राजरत्न प्राध्यापक माणिकराव हिंदू. त्या शिष्याने आपली व्यायामशाळा गुरूच्याच नावाने गाजविली. वस्ताद पारखावा तो विद्येवर आणि वर्तनावर, कुळावर नव्हे.

आता शरीराचा विचार. वाग्भटाने अष्टांगहृदयात व्यायाम कोणी टाळावा हे सांगताना बालकाचा उल्लेख केला आहे. याचा अर्थ मुलांनी खेळू नये असा नव्हे. बलवान प्रौढाचा व्यायाम मुलावर लादू नये असा आहे. बलवानानेही शीतकाळी आणि वसंतात अर्ध्या शक्तीने, व इतर ऋतूंत त्याहूनही कमी व्यायाम करावा, असे तो सांगतो. आणि सुश्रुताच्या मते श्वास तोंडावाटे येऊ लागला की अर्धे बळ खर्ची पडले असे ओळखावे. भर वैशाखात कोकणच्या दमट उष्म्यात चार-चार तास मुलांना राबविणाऱ्या शिबिरांच्या चालकांनी हे वचन जरूर अभ्यासावे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने रचलेल्या मानसोल्लासातही मल्लांची वय आणि बळ पाहून वर्गवारी केलेली आहे. ज्या वर्गात सहा वर्षांचे मूल आणि सोळा वर्षांचा मुलगा एकाच रांगेत उभे करून एकच कसरत करविली जाते, तेथे सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचे शहाणपणही पोहोचलेले नाही.

तेव्हा पालकांनी प्रत्यक्ष काय करावे? प्रथम, शुल्क भरण्यापूर्वी निदान तीन-चार दिवस जाऊन कोपऱ्यात बसावे. ज्या तालमीत आई-बापाला बसू देत नाहीत, त्या तालमीचा उंबरठा ओलांडू नये. बसल्यावर सर्वांत चपळ मुलाकडे पाहू नये. सर्वांत दुबळ्या, बुजऱ्या, स्थूल मुलाकडे पाहावे. त्याला हसतात की हात देतात? थोरली मुले धाकट्यांना सांभाळतात की दटावतात? आरंभी अंग मोकळे करून घेतात काय? पडावे कसे, हे पाडण्याच्या आधी शिकवितात काय? कुस्तीचा हौदा असेल तर माती उकरून, खडे वेचून मऊ केलेली आहे काय. मल्लखांब असेल तर खाली गादी आहे काय आणि उडी घेताना कोणी झेलण्यास उभा आहे काय? दुखापत झाली तर औषधाची पेटी कोठे आहे आणि दवाखान्यात कोण नेणार, हे विचारावे. नीट वस्ताद या प्रश्नाने रागावत नाही. उलट हा पालक जागा आहे म्हणून संतोष पावतो.

मुलींच्या बाबतीत तर अधिक दक्षता हवी. पण म्हणून त्यांना घरी बसवू नये. दोरीच्या मल्लखांबावर मराठी मुलींनी मोठे नैपुण्य मिळविले आहे. शिकविण्यात बाईंचा सहभाग आहे काय, कपडे बदलण्यास स्वतंत्र जागा आहे काय, एकट्या मुलाला किंवा मुलीला दार लावून शिकविण्याची पद्धत तर नाही ना, हे संकोच न करता पाहावे. मुलांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा मुलगा आणि मुलगी दोघांसाठीही आहे. पकड धरण्यासाठी अंगाला हात लावावाच लागतो. तो का आणि कसा लावतात, हे चांगला शिक्षक आधी बोलून दाखवितो. घरीही मुलाला सांगून ठेवावे की, गुरूंविषयी काहीही आवडले नाही तर ते आईला सांगण्यात पाप नाही.

पट्ट्यांविषयी दोन शब्द. रंगीत पट्ट्यांची पद्धत ज्यूदोवरून कराटेत आली. ज्यूदोचे प्रवर्तक जिगोरो कानो हे शिक्षणतज्ज्ञ होते. १८८२ साली त्यांनी तोक्योत आपली शाळा काढली. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या पायरीला जपानीत ‘शोदान’ म्हणतात, म्हणजे आरंभीची पायरी. वारकऱ्याची माळ जशी वारीचा आरंभ, तसाच तो पट्टा. असे असता वर्षभरात काळा पट्टा देण्याची हमी, आणि दर परीक्षेला वेगळे शुल्क, असा व्यवहार दिसला तर तेथे विद्या विकत नसून रंगीत कापड विकत आहेत असे जाणावे. सर्व खर्च आधी लेखी मागावा.

तसेच प्रदर्शनाचे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु मिरवणुकीत आठ वर्षांच्या मुलाच्या हाती धारेचे पाते द्यावे, पेटते पलिते फिरवावेत, डोळे बांधून कोणाच्या पोटावरचा नारळ फोडावा, आणि आपण ‘जय बजरंग’ म्हणून टाळ्या वाजवाव्यात, ही बलोपासना नव्हे. लाकडी काठीवर वर्षानुवर्षे हात बसल्याखेरीज पोलादाला हात लावू न देणारा वस्ताद हाच खरा. उत्सवाच्या मांडवात टाळी वाजविताना, हे मूल आपले असते तर, एवढा विचार मनात यावा.

राहता राहिला प्रश्न कोणत्या विद्येचा. आमच्या मते तो सर्वांत गौण. कुस्तीगीर हौद्यात उतरताना मातीला हात लावून कपाळी नेतो; जपानी विद्येचा शिष्य आरंभी आणि शेवटी प्रतिस्पर्ध्यापुढे वाकतो. दोन्हींचा भाव एकच. जेथे हे वाकणे मनापासून होते, ती तालीम देशी असो की परदेशी, मुलाला मानवेल. तीन महिन्यांनी एकच कसोटी घरी लावावी : मूल शाळेत अधिक भांडू लागले की भांडण टाळू लागले? धाकट्या भावंडावर हात उगारते की त्याला पाठीशी घालते? उत्तर उलटे आले तर भरलेल्या पैशांची हळहळ न करता मूल तेथून काढावे.

नेरे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी उभ्या राहिलेल्या शांतिवनामुळे. ज्या मातीत जगाने टाकलेल्यांना आधार देणारे हात वावरले, तेथील मुलांच्या हातांना बळ मिळावे ते अशाच कामासाठी. बळकट हात कोणाला पाडण्यासाठी क्वचित लागतो. पडलेल्याला उठविण्यासाठी तो रोज लागतो. तो हात आपल्या मुलांना लाभो, आणि उगारला गेलाच तर वेळीच आवरण्याची विद्याही लाभो, हीच आजच्या दिवशी मारुतिरायाच्या चरणी प्रार्थना.