कुडाच्या भिंतीची ऊब

पुण्या-नाशिकच्या नव्या फ्लॅटांत सध्या एक मागणी हमखास ऐकू येते: घर मोकळं हवं, पण दवाखान्यासारखं थंडगार नको. मग मातकट रंगाच्या भिंती येतात, वेताची खुर्ची येते आणि बाकीचं सगळं सामान कपाटाआड जातं. ही आवड मला मनापासून पटते. फक्त तिच्यासाठी परदेशी मासिकं चाळायची गरज नाही. नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे सातपुडा चढत गेलं तरी पुरे.

तिथल्या पावरा आणि भिल्ल आदिवासी कुटुंबांची जुन्या पद्धतीची घरं एकमेकांना चिकटून नसतात. ज्याचं घर त्याच्या शेतात, टेकडीच्या उतारावर. खांब सागाचे, छप्पर नळीच्या कौलांचं, भिंती कुडाच्या: चिरलेल्या बांबूच्या तट्ट्या, त्यांवर माती आणि शेणाचा लेप. भार खांबांवर असतो, म्हणून कूड पातळ असला तरी चालतो. भिंतीचा रंग शेजारच्या शेतातल्या मातीचाच.

आत शिरलं की आधी अंधार, मग हळूहळू एकेक वस्तू दिसू लागते. शेणाने लिंपलेली धान्याची कणगी, जातं, चूल, पाण्याची मडकी, वर टांगलेली मक्याची कणसं. कणगी इतकी मोठी असते की तीच घराचे भाग पाडते, वेगळी भिंत लागत नाही. खाट रात्री झोपायला, दिवसा अंगणात पाहुण्याला. शोभेपुरतं काहीच नसतं, तरी घर ओकंबोकं वाटत नाही, कारण इथल्या प्रत्येक वस्तूला रोज कुणाचा तरी हात लागतो. ऊब येते ती तिथून, रंगाच्या डब्यातून नव्हे.

घर उभं करायला पाड्यातली माणसं येतात. या परस्परांच्या मदतीला लाह म्हणतात. खांब-वासे सुटे करून तेच घर दुसरीकडे उभारता येतं. सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात नर्मदाकाठची गावं गेली, तेव्हा कितीतरी कुटुंबांनी आपल्या घराचं सागवान उतरवून पुनर्वसनाच्या जागी नेलं.

पण सारवणाचं काम बाईच्याच वाट्याला येतं, चुलीचा धूर तिच्याच छातीत जातो, आणि सामान कमी असण्यात गरिबीचा वाटा मोठा आहे. शहरातला माणूस कमी वस्तू निवडतो. इथे निवडायला फारशी जागाच नसते. पक्कं घर आणि गॅस मागणाऱ्या बाईला कुडाचं सौंदर्य ऐकवणं मला अन्यायाचं वाटतं.

निवडून पत्करलेला साधेपणा पाहायचा तर सेवाग्रामला जावं. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले. त्यांची तिथली आजची बापूकुटी ही मुळात त्यांच्या शिष्या मीराबेनची झोपडी. माती, बांबू, कौलं, आणि भिंतीवर मीराबेनने मातीतच उठवलेली झाडं नि चरखा. जमिनीवर बैठक, समोर बुटकं मेज. देशभराचा पत्रव्यवहार तिथून चालला. ऑफिस सजवणाऱ्यांनी एकदा तरी पाहावं असं हे कार्यालय आहे. कागद हाताशी, आणि भेटायला आलेला माणूसही त्याच जमिनीवर बसलेला.

पक्कं घर मागणाऱ्या धडगावच्या त्या बाईला ते आता मिळू लागलं आहे. प्रधानमंत्री आवास योजनेचं ग्रामीण घरकुल २०१६ साली आलं ते किमान २५ चौरस मीटरचं, डोंगराळ भागासाठी १ लाख ३० हजार रुपये अनुदानाचं. एवढ्या पैशात ओट्या-पडवीसाठी काही उरत नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा घरकुलाच्या पत्र्याखाली दुपार काढवत नाही. म्हणून कित्येक जण घरकुलापुढे स्वतःच्या लाकडाची पडवी काढतात आणि दिवसभर तिथेच बसतात. नकाशा काढणाऱ्या अभियंत्यांनी आधी ती पडवी पाहावी. धूर आणि गरम हवा निघून जायला छपराशी वाट, खाट मावेल एवढा ओटा, कणगीला कोरडा कोपरा, हे सगळं नकाशात घ्यावं आणि त्याचा खर्च अनुदानात धरावा.