लाडकी बहीण ई-केवायसी: बिझनेस अ‍ॅनालिस्टने कोणते प्रश्न विचारायला हवे होते?

सप्टेंबर 2025 मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचं ई-केवायसी सुरू झालं आणि अहिल्यानगरसह राज्यभरातल्या महिला मोबाईल घेऊन बसल्या. आधी स्वतःचा आधार नंबर आणि ओटीपी. मग पती किंवा वडिलांचा आधार नंबर, त्यांच्या मोबाईलवर ओटीपी. इथेच अनेकींची गाडी अडली. पती वारले, वडीलही नाहीत, मग ओटीपी यायचा कुणाला?

खरं तर 2024 मध्ये योजना आली तेव्हाच पात्र महिलांमध्ये विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार होत्या. म्हणजे गरज नियमात होती, स्क्रीनवर आली नाही. शेवटी 18 नोव्हेंबरची मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. मृत्यू प्रमाणपत्र किंवा घटस्फोटाची कागदपत्रं अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोयही नंतर झाली.

हा कोडिंगचा घोळ नाही, रिक्वायरमेंटचा आहे. ती गोळा करणं हे बिझनेस अ‍ॅनालिस्टचं काम. त्यासाठी काय यायला हवं?

1. ऐकणं: पाथर्डी-शेवगाव भागातून कुटुंबं ऊसतोडीला बाहेर जातात. आधारला जोडलेला नंबर कुणाचा, तो फोन आज कुठे आहे, हे मीटिंगमध्ये कळत नाही. गावातल्या अंगणवाडी सेविकेला विचारलं तर कळतं.

2. अपवाद शोधणं: प्रत्येक सक्तीच्या रकान्यापुढे विचारा, ‘हे नसेल तर?’ नवरा हयात आहे पण नांदवत नाही, तो ओटीपी कशाला देईल?

3. ताडून बघणं: नियमांचा कागद आणि स्क्रीन शेजारी ठेवा. पात्र असलेल्या प्रत्येक प्रकारच्या महिलेला शेवटच्या बटणापर्यंत जाता येतंय का?

4. नेमकं लिहिणं: ‘केवायसी सोपं हवं’ ही रिक्वायरमेंट नव्हे. ‘पती आणि वडील दोघंही हयात नसतील, तर दुसऱ्या ओटीपीऐवजी मृत्यू प्रमाणपत्र चालेल’ ही रिक्वायरमेंट. डेव्हलपर ती बनवू शकतो, टेस्टर तपासू शकतो.

यातलं काहीच शिकायला कोडिंग लागत नाही. पण एक प्रश्न राहून गेला, तर कुणाचे तरी महिन्याचे 1,500 रुपये अडकू शकतात, आणि तेही जिला सगळ्यात जास्त गरज आहे तिचे.

सराव करायचाय? आजच एखादं सरकारी अ‍ॅप उघडा, घरातल्या आजीला किंवा मावशीला शेजारी बसवा आणि फॉर्म त्यांनाच भरू द्या. तुम्ही फक्त बघा. त्या जिथे थांबतील, ते लिहून ठेवा.