बाहुल्याचा बिल्ला

श्रावणी अमावास्येला पोळा येतो. ज्या घरी खरे बैल नसतात, त्या घरी मातीच्या बैलांची पूजा होते. कुंभाराने घडविलेले बैल जवळजवळ सारखेच असतात. परंतु एखाद्या मुलाने त्यांपैकी एकाची शिंगे रंगविली, पाठीवर झूल रेखाटली आणि कपाळावर ठिपका दिला की, तो बैल त्या घरचा होतो. वस्तूला खरी ओळख मिळते ती तिच्यावर उमटविलेल्या खुणेने.

खेळण्यातल्या बाहुल्यांनाही हाच न्याय लागू पडतो. मोबाईलच्या साहाय्याने आज मुलांना घरच्या घरी बाहुल्यांचा चित्रपट करता येतो. मेजावर बाहुले उभे करावयाचे, त्याचे एक छायाचित्र घ्यावयाचे, मग त्याचा हात किंचित हलवून पुन्हा दुसरे घ्यावयाचे. अशी छायाचित्रे वेगाने एकामागून एक दाखविली, म्हणजे निर्जीव बाहुले चालू लागते. सेकंदाला १२ छायाचित्रे धरली, तरी एका मिनिटाच्या चित्रपटाला ७२० छायाचित्रे लागतात. हे काम चिकाटीचे आहे.

ही युक्ती महाराष्ट्राला नवी नाही. त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच थोडी थोडी टिपली. पुढे १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात त्यांनी साध्या आगकाड्यांना चालते-बोलते केले. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांची छायाचित्रे हलणारी नव्हती. परंतु मेजावर लहान लहान वस्तू मांडून ते असे छायाचित्र घेत की, पाहणाऱ्यास खरा देखावाच समोर असल्याचा भास व्हावा. क्षुल्लक वस्तूही नीट निरखून मांडली, तर ती मोठ्या जगाचे दर्शन घडविते, हे या दोघांच्या कामावरून दिसून येते.

आता अडचण येते ती पात्रांची. बाजारात मिळणारी बाहुली बहुधा सैनिक, अंतराळवीर किंवा परदेशी कथांतील वीर असतात. धुळ्याच्या एसटी स्थानकावरील वाहक, रावेरच्या केळीच्या बागेतील मजूर, भुसावळच्या फलाटावरील हमाल ही माणसे तेथे सहसा आढळत नाहीत. ज्याला आपल्या गावची गोष्ट सांगावयाची आहे, त्याने बोटभर बाहुल्याच्या छातीवर व दंडावर चिकटविण्याची चित्रे स्वतः तयार करावीत, हा त्यावरील उपाय होय. अशा चित्रास ‘डेकल’ म्हणतात. चिनी मातीच्या कपबशीवरील फुले पुष्कळदा अशाच चित्रांची असतात.

डेकलचा कागद वेगळा असतो. त्याच्या एका बाजूस पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर व त्यावर एक पातळ पापुद्रा असतो. चित्र त्या पापुद्र्यावर छापतात. शाईच्या साध्या छापयंत्राने छापले असेल, तर शाई पाण्याने पसरू नये म्हणून चित्रावर पारदर्शक रोगणाचा हात देऊन ते वाळू देतात. मग चित्र कापून कोमट पाण्यात बुडविले की डिंक सुटतो. सुटलेला पापुद्रा हलकेच बाहुल्यावर सरकवून मऊ फडक्याने पाणी व हवा टिपून घेतात. साधे छापयंत्र पांढरा रंग छापत नाही. म्हणून गडद रंगाच्या बाहुल्यावर आधी पांढरा हात द्यावा लागतो. ज्याला हा कागद मिळत नसेल, त्याने पातळ कागदावर चित्र काढून ते डिंकाने चिकटविले, तरी काम भागते.

यावर काही जण म्हणतील की, एवढा खटाटोप कशासाठी? तयार चित्रे विकत मिळतात. ती अधिक रेखीव असतात, आणि मुलांचा वेळही वाचतो. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. ज्याला केवळ बाहुले हलविण्याची मौज हवी, त्याने तयार चित्र खुशाल वापरावे. परंतु तयार चित्र विकत घेणाऱ्याचा वेळ वाचतो, तसे त्याचे पाहणेही वाचते. तोटा होतो तो येथेच.

हमालाचे उदाहरण घ्यावे. लाल सदरा आणि दंडावरील पितळी बिल्ला, एवढ्यावरून तो ओळखू येतो. पण त्याचे चित्र काढू लागताच प्रश्न उभे राहतात. बिल्ला कोणत्या दंडावर असतो? तो कसा बांधलेला असतो? सदऱ्याचा रंग खांद्यावर का विटलेला आहे? डोक्यावर चुंबळ असते, ती कशी वळलेली असते? या प्रश्नांची उत्तरे दुकानात मिळत नाहीत. ती फलाटावर जाऊनच शोधावी लागतात. शेकडो वेळा समोरून गेलेला मनुष्य त्या दिवशी मुलाला प्रथमच खऱ्या अर्थाने दिसतो. ज्याने तो विटलेला खांदा पाहिला, त्याला त्या खांद्यावरचे ओझेही दिसल्यावाचून राहत नाही.

मात्र असे पाहताना विवेक हवा. कोणाचे निरीक्षण करावयाचे, तर त्याला विचारून करावे. त्याच्या बिल्ल्यावरचा खरा क्रमांक चित्रात घालू नये, आणि त्याच्या वेषाची थट्टाही होऊ देऊ नये. श्रम करणाऱ्याची खूण ही त्याच्या प्रतिष्ठेची खूण असते.

पडद्यावर एक सेंटिमीटरचा बिल्ला हाताएवढा मोठा दिसतो, आणि त्यातील प्रत्येक खरी-खोटी रेषाही तितकीच मोठी होते. म्हणून खानदेशातील मुलांच्या चित्रपटांत अंतराळवीर अवश्य असावेत; पण त्यांच्या शेजारी स्वतः पाहून, स्वतः रेखाटलेला, पितळी बिल्ल्याचा एक हमालही उभा असावा.