हालुश्की राहिली, भाषा गेली

ईस्टरआधीच्या उपासात, शुक्रवारी संध्याकाळी, अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या चर्चांमध्ये मासे तळले जातात आणि त्यांच्या जोडीला हालुश्की मिळते. लोण्यात कांदा-कोबी परतायचा, उकडलेल्या रुंद नूडल्स त्यात ढवळायच्या, वर मिरपूड. झाली हालुश्की. स्लोव्हाकियातून आलेल्या पाहुण्यापुढे ही ताटली ठेवली तर तो बुचकळ्यातच पडेल. त्याच्या देशात हालुश्की म्हणजे किसलेल्या बटाट्याच्या पिठाचे छोटे उकडलेले गोळे आणि त्यांवर मेंढीच्या दुधाचं ब्रिंझा नावाचं खारट चीज. नाव तेच, पदार्थ निराळा. पिट्सबर्गच्या त्या रांगेत ‘हालुश्की’पुढचं स्लोव्हाक बोलणारं माणूस शोधूनच काढावं लागेल.

अमेरिकेत आलेल्या स्लोव्हाक मंडळींचं भाषेवर प्रेम नव्हतं म्हणून असं झालं, हे कुणी म्हणू नये. मायदेशी, तेव्हाच्या हंगेरीच्या राज्यात, ‘मातित्सा स्लोवेन्स्का’ ही त्यांची सांस्कृतिक संस्था 1875 मध्ये सरकारनं बंद पाडली. 1907 च्या कायद्यानं शाळांवर हंगेरियन भाषेचा फास आणखी आवळला. त्याच काळात पिट्सबर्ग आणि क्लीव्हलँडमध्ये स्लोव्हाक वर्तमानपत्रं बिनधोक छापली जात होती. चेक आणि स्लोव्हाकांचा एक देश व्हावा, असा करार मे 1918 मध्ये झाला तोही पिट्सबर्गमध्येच. आणि 2000 च्या जनगणनेत सुमारे आठ लाख अमेरिकनांनी आपलं मूळ स्लोव्हाक असल्याचं नोंदवलं. अभिमान शाबूत आहे.

मग बिनसलं कुठे? 1890 साली पिट्सबर्गमध्ये राष्ट्रीय स्लोव्हाक सोसायटी निघाली, क्लीव्हलँडमध्ये स्टेफान फुर्देक या धर्मगुरूंनी कॅथलिक स्लोव्हाकांची ‘येद्नोता’ उभी केली. या काही निव्वळ नाच-गाण्याच्या मंडळ्या नव्हत्या. खाणीत दरड कोसळली, पोलाद कारखान्यात माणूस भाजला, तर त्याच्या विधवेच्या हाती पैसे पडावेत यासाठी काढलेल्या त्या भिशीवजा विमा संस्था होत्या. वर्गणी, सभा, भांडणं, सगळं स्लोव्हाकमध्ये. कारण सभासदांना दुसरी भाषा धड येतच नव्हती. अमेरिकेच्या 1924 च्या स्थलांतर कायद्यानं नव्या माणसांची आवक आटली. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलांना विमा हवा होता, पण तो इंग्रजीत चालणार होता. संस्था आजही आहेत. भाषेची मात्र त्यांना गरज उरली नाही.

आता उलट्या दिशेनं गेलेल्यांकडे पाहू. अठराव्या शतकात, तुर्क मागे हटल्यावर ओस पडलेल्या सुपीक मैदानात स्लोव्हाक शेतकरी उतरले. त्या मुलखाला ते ‘दोल्ना झेम’, म्हणजे खालची भूमी, म्हणतात. बाच्की पेत्रोवात्समध्ये ते 1745 च्या सुमारास आले, कोवाचित्सात 1802 मध्ये. ही दोन्ही गावं आज सर्बियाच्या व्होइवोदिना प्रांतात आहेत, आणि तिथे स्लोव्हाक अजून घरोघर बोलली जाते. कारण तिला तिथे काम आहे. पेत्रोवात्सचं स्लोव्हाक हायस्कूल 1919 पासून चालू आहे. लुथरन चर्चमधली प्रार्थना स्लोव्हाकमध्ये होते, प्रांताच्या रेडिओ-टीव्हीवर स्लोव्हाक कार्यक्रम असतात, आणि प्रांताच्या सहा अधिकृत भाषांत स्लोव्हाकही आहे. नगरपालिकेत अर्ज त्याच भाषेत करता येतो. भाषा टिकवायला हा कंटाळवाणा अर्ज दहा महोत्सवांहून अधिक उपयोगाचा.

कोवाचित्सातल्या शेतकऱ्यांनी 1939 च्या सुमारास चित्रं काढायला सुरुवात केली. त्यांपैकी मार्तिन योनाश यांची माणसं एकदा पाहिली की विसरत नाहीत: हाता-पायांचे पंजे अवाढव्य, डोकी मात्र इवलीशी. नांगरणाऱ्यांनीच रंगवलेली ही दुनिया डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

पण त्याआधीच एक चिंतेचा आकडा हाती आला होता. सर्बियात 2011 मध्ये 52,750 स्लोव्हाक होते. 2022 च्या जनगणनेत ते 41,730 भरले. अकरा वर्षांत पाचातला एक कमी! म्हातारी माणसं गेली, मुलं कमी झाली, हे आहेच. पण ज्या भाषेनं गाव धरून ठेवलं, तीच आता गावाबाहेरचं तिकीटही झाली आहे. स्लोव्हाकिया 2004 पासून युरोपीय संघात आहे, सर्बिया अजून दारातच. स्लोव्हाकियाच्या सरकारी विद्यापीठांत स्लोव्हाक माध्यमातून पूर्णवेळ शिकायला फी नाही, आणि परदेशस्थ स्लोव्हाकांना राहण्या-कामाच्या सवलती आहेत. पेत्रोवात्सच्या मुलानं ब्रातिस्लावाची वाट धरली तर त्याला नावं कोण ठेवणार?

बोल लावायचा तर तो ब्रातिस्लावाला. परदेशस्थ स्लोव्हाकांसाठी तिथे खास सरकारी कार्यालय आहे, त्यातून अनुदानं जातात. पण हुशार पोरांना शिष्यवृत्ती देऊन बोलावून घ्यायचं आणि मागे उरलेल्यांच्या लोकनृत्याला पैसे द्यायचे, याला वारसा जपणं म्हणणं जरा धाडसाचंच. (अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळांनाही हा हिशेब ओळखीचा वाटावा. तिथे मराठी शाळा मन लावून चालवतात, पण रविवारची शाळा सुटल्यावर मुलाला मराठीची गरज कुठे पडते?)

पेत्रोवात्सची क्लोबासा नावाची सॉसेज तिखट लाल मिरची, लसूण आणि शहाजिरं घालून करतात. तिला सर्बियात भौगोलिक मानांकन आहे. असा धंदा गावातच पैसा देतो, आणि त्यातली घासाघीसही स्लोव्हाकमध्ये होऊ शकते. शिकून परतलेल्या मुलीनं तो वाढवायचा म्हटलं, किंवा त्याच हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवायचं ठरवलं, तर तिला काय मिळणार, हेही शिष्यवृत्तीच्या अर्जावर आता छापलेलं असावं.