नागपुरी रुपया मुशीत जाण्याआधी

चांदीचा भाव चढला, की नागपुरात लकडगंजातल्या जुन्या घरांत आजीच्या पेट्या उघडतात आणि जवळच्या इतवारी सराफ्यात मोड येऊ लागते. जोडवी, पैंजण, करंडे आणि त्यांतच ‘कलदार’ म्हणून जपलेले दोन-चार रुपये. त्यातला एखादा कलदार नसतोच. कलदार म्हणजे यंत्रावर पाडलेला, राणीचा मुखवटा असलेला गोल इंग्रजी रुपया. हा मात्र जाड, वाकड्या कडेचा, दोन्ही अंगांवर अर्धवट फारसी अक्षरे असलेला. तो नागपूरकर भोसल्यांच्या टाकसाळीतला नागपुरी रुपया. जोडव्यांच्याच भावाने तो तोलला जातो आणि मुशीत जातो. हे थांबायला हवे.

अक्षरे अर्धवट का, याचे उत्तर टाकसाळीतच आहे. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान. हातोड्याचा घाव पडला, की ठशाचा जेवढा भाग चकतीवर बसेल तेवढाच उमटायचा. एका नाण्यावर बादशहाच्या नावाचा तुकडा, तर दुसऱ्यावर टाकसाळीच्या नावाचा. असे आठ-दहा रुपये शेजारी मांडले, तेव्हा कुठे पूर्ण लेख वाचता येतो. म्हणून वितळलेला प्रत्येक रुपया म्हणजे त्या लेखाची हरवलेली ओळ असते.

वाचल्यावर हाती काय लागते? भोसल्यांच्या अनेक रुपयांवर नाव आहे दिल्लीच्या अहमदशाह बहादुरचे. हा बादशहा 1754 मध्येच पदच्युत झाला, तरी त्याचे नाव पुढे कित्येक दशके इथल्या नाण्यांवर राहिले. सत्ता मराठ्यांची, पण बाजाराला ओळखीचा शिक्का हवा होता. भोसल्यांनी ओडिशा ताब्यात घेतल्यावर कटकच्या टाकसाळीतही याच बादशहाच्या नावाने रुपये पडले. त्यांवर अंकुशाची खूण आहे. काही रुपयांच्या अंगावर सराफांनी पारख करताना मारलेले बारीक ठसेही दिसतात. परक्या किंवा झिजलेल्या नाण्याला ‘बट्टा’ लागायचा, म्हणजे त्याच्या किमतीत कपात व्हायची. तो शब्द आपल्या भाषेत उरला आहे, ज्या नाण्यांना तो लागला ती मात्र आटत चालली आहेत.

जुन्या राज्यांची नाणी मागे पडणे स्वित्झर्लंडमध्येही घडले होते. झुरिच, बर्न, बाझल ही नगरराज्ये आपापली चांदीची नाणी पाडत. बर्नच्या नाण्यांवर अस्वल, तर बाझलच्या काही नाण्यांवर आख्खे शहर कोरलेले. 1850 च्या कायद्याने देशभर एकच फ्रँक आला आणि जुनी नाणी मागे घेतली गेली. आपल्याकडे कंपनी सरकारने 1835 मध्ये एकसारखा रुपया आणला आणि भोसल्यांचे राज्य 1854 मध्ये खालसा झाले. फरक पुढे पडला. तिथल्या अभ्यासकांनी अठराव्या शतकातील प्रत्येक राज्याच्या नाण्यांची सूची छापून ठेवली. आपल्याकडेही पाया आहे. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी तऱ्हाळ्याला सापडलेल्या सातवाहन नाण्यांवरून राजांची नावे निश्चित केली. विगिन्स आणि माहेश्वरी यांचा मराठा टाकसाळींवरचा ग्रंथ 1989 मध्ये नाशिकजवळच्या अंजनेरीच्या संस्थेने काढला. पण अभ्यासकाच्या टेबलापर्यंत नाणे पोहोचायला ते आधी मुशीतून वाचायला हवे.

कायदा आहे, पण तो इथे पुरत नाही. जमिनीत सापडलेल्या गुप्तधनाची वर्दी 1878 च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. शंभर वर्षांपलीकडची नाणी 1972 च्या कायद्यामुळे खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाहीत. आजीच्या पेटीतून निघून मुशीत जाणारा रुपया मात्र या दोन्हींतून निसटतो.

उपाय खर्चिक नाही. मोडीत आलेल्या हातघडणीच्या प्रत्येक रुपयाचे सराफाने वजन करावे, दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत आणि तो रुपया कुठल्या गावाहून आला एवढे वहीत टिपावे. ही टिपणे 1863 पासून उभ्या असलेल्या अजब बंगल्याने, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयाने, गोळा करावीत. घरच्यांनीही नाणे चिंच किंवा राखेने घासू नये, कारण झिजलेली अक्षरे त्यात आणखी पुसली जातात. येत्या दिवाळीच्या साफसफाईत पेटी उघडेल, तेव्हा तराजूआधी मोबाइलचा कॅमेरा पुढे यावा, एवढीच मागणी आहे.