आईची रात्रपाळी



या वेळचं संपादकीय एका कबुलीपासून सुरू करते. वस्तीतल्या आमच्या केंद्रात दर मंगळवारी बायकांची बैठक असते. त्यात एक जण नेहमी भिंतीला टेकून डुलक्या काढायची. तिचा ६ वर्षांचा मुलगा पहिलीत. वर्गात एका जागी बसत नाही, मारामाऱ्या करतो, शिकवलेलं विसरतो, अशी शाळेची तक्रार आली. मी गृहभेट दिली आणि केसपेपरवर लिहिलं : 'आईचं मुलाकडे लक्ष कमी. मातेला मार्गदर्शनाची गरज.' समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या मला त्या दोन वाक्यांत काही खटकलं नाही.

एकदा बैठक संपल्यावर ती मागे थांबली. म्हणाली, "ताई, हा रात्री श्वास घ्यायचं विसरतो. घोरता घोरता एकदम गप्प होतो. मी मोजत बसते. एक, दोन, तीन... कधी दहाच्या पुढे जाते. मग हलवलं की दचकून मोठ्यांदा श्वास ओढतो. माझा डोळा लागला आणि त्यानं श्वास घेतलाच नाही तर?"

दोन वर्षं ती ही रात्रपाळी करत होती. दिवसा चार घरची धुणीभांडी, रात्री हे. नवरा म्हणे, 'बापावर गेलाय, ढाराढूर झोपतो.' सासू म्हणे, 'तुझ्याच मनात नसतं भरतं.' दवाखान्यात दोनदा नेलं होतं. पण सकाळी १० वाजता, जागेपणी, मुलाचा श्वास नीटच चालतो. दोन्ही वेळा सर्दीखोकल्याचं औषध घेऊन ती परत आली. तिच्या रात्रीला साक्षीदार कुणी नव्हता, आणि तिची स्वतःची साक्ष कुणी धरत नव्हतं. मीसुद्धा नाही.

ती सांगत होती त्या आजाराला नाव आहे : झोपेतला श्वासरोध, म्हणजे स्लीप ॲप्निया. लहान मुलांत त्याचं नेहमीचं कारण म्हणजे टॉन्सिल आणि नाकाच्या मागच्या बाजूला असणाऱ्या ॲडिनॉइडच्या वाढलेल्या गाठी. झोपेत स्नायू सैल पडतात, आधीच अरुंद झालेली वाट बंद होते, ऑक्सिजन कमी होतो, मेंदू मुलाला अर्धवट जागं करतो. रात्रीतून हे कितीदा तरी घडतं. २ ते ८ या वयात हा त्रास जास्त दिसतो. १०० मुलांमागे १ ते ५ मुलांना तो असतो, असा वैद्यकशास्त्राचा अंदाज आहे.

झोप पुरी न झालेला मोठा माणूस दिवसा पेंगतो. लहान मूल बहुधा पेंगत नाही. ते चिडतं, धावत सुटतं, लक्ष देत नाही. मग शाळा त्याला वांड म्हणते आणि आईला निष्काळजी. अंथरूण ओलं होतं म्हणून मुलाला मार बसतो, वजन वाढत नाही म्हणून आईला बोलणी. या दोन्हींमागे रात्रीचा श्वास असू शकतो, हे कुणी सांगत नाही.

यावर तज्ज्ञ हवेत ते कशासाठी? अमेरिकेतल्या ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. टॉन्सिल-ॲडिनॉइड काढलेल्या मुलांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी ७ महिन्यांनी नॉर्मल आली. ऑपरेशन न करता नुसती देखरेख ठेवलेल्यांपैकीही ४६ टक्के मुलांची आली. ऑक्सिजन फार खाली जाणारी मुलं मात्र त्या अभ्यासात घेतलेली नव्हती. याचा अर्थ असा की, घोरणाऱ्या प्रत्येक मुलाचं ऑपरेशन करायचं नाही आणि 'मोठा झाला की जाईल' म्हणून प्रत्येकाला घरीही पाठवायचं नाही. कुणाला काय हवं, हे जाणकारानं तपासूनच ठरवायला हवं.

ही तपासणी रात्रभराची असते. नाकाशी, छाती-पोटाला, डोक्याला, बोटाला तारा आणि पट्टे लावून मूल रुग्णालयात झोपवतात. सोबत आई लागतेच. मग सकाळची कामं बुडणार, धाकटीला कोण बघणार, घरून परवानगी मिळणार का, हे प्रश्न आलेच. आमच्या मैत्रिणीला तारीख मिळाली तीच ४ महिन्यांनंतरची. खासगीत लवकर झाली असती, पण तो खर्च तिच्या आवाक्याबाहेरचा होता.

शासनाचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. पथकानं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासायची, अशी त्याची आखणी. तेव्हा ठरलेल्या ३० आजारांच्या यादीत दात, कान, दमा आहेत. मुलाचं लक्ष न लागणं, चंचलपणा हेसुद्धा आहे. झोपेतला श्वासरोध मात्र नाही. यादीत डाउन सिंड्रोम आहे आणि त्या मुलांना श्वासरोधाचा धोका कितीतरी जास्त असतो, तरीही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पथकानं प्रत्येक आईला दोन प्रश्न विचारावेत : मूल आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री घोरतं का? मध्येच श्वास थांबतो का? उत्तर 'हो' आलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यावी. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात रात्रभर नोंद ठेवणारा ऑक्सिमीटर असावा. त्यात दोष दिसला तर मुलाला लवकर पुढे पाठवता येतं. न दिसला तरी आजार नाही असं मात्र धरू नये. वैद्यकीय महाविद्यालयांत मुलांसाठी झोपेच्या तपासणीची सोय असावी, आणि तिथे आईला पाठ टेकायला जागा असावी.

आणि आपण? मूल झोपेत घोरत असताना दोन मिनिटांचं मोबाईल चित्रण करून डॉक्टरांना दाखवा. आमच्या मैत्रिणीकडे स्वतःचा मोबाईल नव्हता. नवऱ्याचा तो उशाखाली. शेवटी आमच्या कार्यकर्तीनं आपला फोन एका रात्रीपुरता दिला. ते चित्रण पाहिल्यावर तज्ज्ञांनी त्या मुलाची तारीख अलीकडे आणली. नवऱ्यानंही ते पाहिलं. तपासणीच्या रात्री धाकटीला त्यानं सांभाळलं. जागरणाची पाळी लावून घेता येते, हे त्यालाही कळलं असावं.

मुलाचं ऑपरेशन झालं. काही आठवड्यांनी ती बैठकीला आली तेव्हा म्हणाली, "ताई, आता आवाज येत नाही म्हणून मला जाग येते. मग हात लावून बघते आणि झोपते."

तो जुना केसपेपर मी फाडलेला नाही. माझ्या दोन वाक्यांखाली तारीख घालून लिहिलं आहे : 'वरील नोंद चुकीची. आई दोन वर्षं रात्री जागत होती. मी विचारलं नव्हतं.'

आपल्या गटांच्या नोंदवह्या एकदा उघडून बघूया. अशा किती नोंदी सापडतील?

– संपादक मंडळाच्या वतीने