हिशेब जुळला नाही म्हणजे चोरी झाली काय?

एखाद्या संस्थेला कोणी निर्दय म्हटले की तिचे कारभारी लगेच उत्तर देतात, ‘भावनेच्या आहारी जाऊ नका, कागद काय सांगतो ते पाहा.’ हे उत्तर आपल्या व्यापारी बांधवांनी अनेक कचेऱ्यांत ऐकलेले आहे. ब्रिटनच्या टपाल खात्याच्या प्रकरणात कागदच खोटा निघाला, म्हणून ते आम्ही येथे मांडत आहोत.

तेथे खेड्यापाड्यांतील टपाल कचेऱ्या बहुधा दुकानातच चालतात व दुकानदार कंत्राटावर पोस्टमास्तर असतो. भारतीय उपखंडातून गेलेली अनेक कुटुंबे या धंद्यात आहेत. १९९९ च्या सुमारास फुजित्सू कंपनीची ‘होरायझन’ ही संगणक प्रणाली या कचेऱ्यांत आली आणि रोकड मोजताना तूट दिसू लागली. हॅम्पशायरमधील जो हॅमिल्टन या दुकानदार बाईंनी मदतीच्या फोनवरील सूचनेप्रमाणे बटणे दाबली, तर दोन हजार पौंडांची तूट डोळ्यांदेखत चार हजार झाली. तक्रार करणाऱ्यांना उत्तर मिळे की, असा त्रास फक्त तुम्हालाच होतो आहे. हेच वाक्य शेकडो जणांना ऐकविले गेले.

आपल्या बाजारात घाऊक व्यापाऱ्याची वही व किरकोळ दुकानदाराची वही जुळली नाही, तर दोघे समोरासमोर बसून नोंदी ताडून पाहतात. पहिल्याच दिवशी कोणी कोणाला चोर म्हणत नाही. टपाल खात्याने मात्र दुसरी वही उघडलीच नाही. पैसे भरा, नाहीतर खटला! तपासही त्याचाच आणि फिर्यादही त्याचीच. संगणक बरोबरच चालत असणार असे कायदाही गृहीत धरीत होता. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोक दोषी ठरले, त्यांपैकी सुमारे ७०० जणांवर टपाल खात्याने स्वतःच खटले भरले होते.

सीमा मिश्रा या त्यांपैकीच एक. २०१० साली त्या गरोदर असताना त्यांना पंधरा महिन्यांची कैद झाली. निकालानंतर खात्याच्या एका अधिकाऱ्याने आपल्या चमूचे अभिनंदन करणारा संदेश पाठविला, व चौकशीपुढे २०२४ साली त्याला त्याबद्दल माफी मागावी लागली. सीमाबाईंची शिक्षा २०२१ मध्येच रद्द झाली होती. चौकशी आयोगाच्या जुलै २०२५ च्या अहवालानुसार या प्रकरणाशी निदान तेरा आत्महत्यांचा संबंध असण्याची शक्यता आहे.

ही माणसे मनाने दुष्ट होती काय, या वादात आम्हाला रस नाही. घरी ती भली असतील. तक्रार ऐकून नोंद तपासण्याचे काम कोणाचे, हेच जेथे ठरलेले नाही, तेथे भल्या माणसांच्या हातूनही निर्दयपणाच होतो. म्हणून ‘संवेदनशून्य’ हा शब्द आम्हाला शिवी वाटत नाही, ते कामाच्या पद्धतीचे वर्णन आहे.

आज आपला जीएसटीचा हिशेबही संकेतस्थळावरच जुळतो. विक्रेत्याने कर भरला नाही तर खरेदीदाराची वजावट अडते, आणि नोटीस येते ती प्रामाणिकपणे पैसे दिलेल्या दुकानदाराला. अशा वेळी तोंडी विनवण्या करीत बसू नये. तफावत कोणत्या बिलाची, ती कोणी तपासली, हे लेखी विचारावे, पोच घ्यावी, आणि त्याच आळीत आणखी कोणाला तशीच नोटीस आली आहे काय याची चौकशी करावी. ॲलन बेट्स या पोस्टमास्तरांनी तेच केले. एकेकटे पडलेले दुकानदार त्यांनी शोधून काढले आणि ५५५ जण मिळून कोर्टात गेले.

डिसेंबर २०१९ मध्ये त्यांना तडजोडीत पावणेसहा कोटी पौंडांहून थोडे अधिक मिळाले. त्यातील बहुतेक रक्कम खटल्याच्या खर्चातच गेली व प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी सुमारे वीस हजार पौंड आले. कित्येकांनी न झालेली तूट भरून काढण्यासाठी घरातून याहून जास्त घातले होते. सरकारला पुढे त्यांच्यासाठी भरपाईची वेगळी योजना काढावी लागली.